वाहनातील वायरिंग हार्नेसचे संरक्षक आवरण

वायरिंग हार्नेसचे संरक्षक आवरण म्हणजे मोटारीतील विद्युत तारांच्या जुडग्यावर बाहेरून चढवलेले टेप, नळी, स्लीव्ह किंवा जाळी यांसारखे वेष्टन होय. प्रत्येक तारेला स्वतःचे विद्युतरोधक कवच असते. घर्षण, उष्णता, पाणी, क्षार, तेल आणि उंदीर यांपासून त्या कवचाचे रक्षण करणे हे बाहेरच्या आवरणाचे काम असते. यांपैकी प्रत्येक धोक्याला पुरून उरेल असे एकच आवरण नसल्याने मोटारीच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळी आवरणे वापरली जातात. पालघर जिल्ह्यातील घिवली, तारापूर, सातपाटी यांसारख्या समुद्रकाठच्या गावांत खारी हवा आणि दीर्घ पावसाळा यांमुळे या निवडीला विशेष महत्त्व येते.

आवश्यकता

बहुतेक मोटारींत १२ व्होल्टची बॅटरी असते आणि तिचे ऋण टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते. त्यामुळे धन बाजूच्या तारेचे कवच घासून तांबे उघडे पडले व ते सांगाड्याला टेकले, की शॉर्टसर्किट होते. तारेच्या मार्गात फ्यूज असेल तर तो वितळून प्रवाह तोडतो. परंतु बॅटरीपासून स्टार्टरकडे जाणाऱ्या जाड तारेला अनेक गाड्यांत फ्यूज नसतो. ती उघडी पडल्यास शेकडो अँपिअर प्रवाह वाहून काही क्षणांत आग लागू शकते. १२ व्होल्टचा धक्का सहसा जाणवत नाही, म्हणून ही तार निर्धोक आहे असा समज होतो. प्रत्यक्षात धोका व्होल्टचा नसून प्रवाहाने निर्माण होणाऱ्या उष्णतेचा असतो.

प्रकार

*पीव्हीसी टेप :* स्वस्त, लवचिक व सर्वत्र मिळणारा. उष्णतेने त्यातील मृदुकारी द्रव्य निघून जाते, टेप कडक होऊन तडकतो आणि त्याचा चिकटा बाहेर येतो. घरगुती वायरिंगचा टेप इंजिनाजवळ टिकत नाही. तेथे वाहनांसाठी बनवलेला, अधिक तापमान सोसणारा टेप लागतो.

*कापडी टेप :* पॉलिएस्टरचा विणलेला किंवा लोकरीसारखा मऊ टेप. तो घर्षण सोसतो व तारांची खडखड थांबवतो, म्हणून डॅशबोर्डच्या आत व दारांमध्ये वापरतात. तो पाणी शोषून घेत असल्याने गाडीच्या तळाशी योग्य नाही.

*पन्हळी नळी :* बाजारात ‘फ्लेक्झिबल पाइप’ या नावाने मिळणारी, अंगावर वळ्या असलेली काळी नळी. लांबीच्या बाजूने चिरलेली नळी जोडण्या न सोडवता चढवता येते. पॉलिप्रॉपिलीनची नळी सुमारे १६० अंश सेल्सियसला वितळते, तर नायलॉन-६ ची सुमारे २२० अंशांना. दैनंदिन वापराची सुरक्षित मर्यादा याहून बरीच कमी असते. उष्ण भागात नायलॉन सरस ठरते. परंतु तीव्र आम्लाने ते खराब होते, म्हणून बॅटरीतील आम्ल उडण्याचा संभव असेल तेथे पॉलिप्रॉपिलीन बरे.

*विणलेली स्लीव्ह :* पॉलिएस्टर धाग्यांची जाळी. ती हवी तशी फाकते, वळते आणि घर्षण उत्तम सोसते. पाणी मात्र तिच्यातून सहज आत जाते व तितक्याच सहज बाहेर पडते.

*काचतंतूंची स्लीव्ह :* सिलिकॉनचा लेप दिलेली ही स्लीव्ह सुमारे २०० अंशांपर्यंत काम देते. सायलेन्सरच्या पाइपाजवळ अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत पापुद्रा असलेली स्लीव्ह वापरतात. तो पापुद्रा उष्णतेचे किरण परतवतो, पण त्यासाठी तप्त भाग व स्लीव्ह यांच्यात हवेची पोकळी असावी लागते. स्लीव्ह थेट पाइपाला टेकल्यास हा उपयोग उरत नाही.

*हीट-श्रिंक नळी :* गरम केल्यावर आकसून तारेवर घट्ट बसणारी नळी. तिच्यावरील २:१ या आकड्याचा अर्थ ती निम्म्या व्यासापर्यंत आकसते असा होतो. आतून चिकट लेप असलेली नळी जोडावर पाण्याला अटकाव करते. जोड करण्यापूर्वीच ती तारेत ओवून ठेवावी लागते.

निवडीचे निकष

प्रथम त्या जागेचे कमाल तापमान पाहिले जाते. वाहनांच्या तारांचेही तापमानानुसार वर्ग आहेत : आयएसओ मानकांत ‘ए’ वर्ग ८५, ‘बी’ १००, ‘सी’ १२५ आणि ‘डी’ १५० अंश सेल्सियसपर्यंतचा असतो. आवरण उत्तम, पण आतील तार कमी वर्गाची असेल तर आवरण शाबूत राहूनही तार आतून जळते.

दुसरा निकष हालचालीचा. इंजिन हादरते आणि गाडीचा सांगाडा त्या मानाने स्थिर राहतो. म्हणून दोहोंमधील तारांना थोडी ढील व लवचिक आवरण लागते. दाराच्या बिजागरीपाशी रबरी घडीदार नळी आणि पत्र्याच्या छिद्रात रबरी ग्रोमेट असणे आवश्यक असते. छिद्राची धारदार कड ग्रोमेटशिवाय कोणतेही टेप कालांतराने कापते.

तिसरा निकष मापाचा. नळीत तारा ठासून भरू नयेत. एकत्र बांधलेल्या तारा एकमेकींना तापवतात आणि आवरणामुळे ती उष्णता बाहेर पडण्यास वेळ लागतो. म्हणून जाड आवरणातील तारेची प्रवाह वाहण्याची क्षमता उघड्या तारेपेक्षा कमी धरतात.

किनारी प्रदेशातील वापर

समुद्रावरून येणाऱ्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात. ओलाव्यात विरघळून ते तांब्याची झीज घडवतात आणि तारेवर हिरवट थर जमतो. तारेतील बारीक पदरांमधून केशाकर्षणाने खारे पाणी आत ओढले जाते, त्यामुळे एका उघड्या टोकापासून सुरू झालेली झीज कवचाखाली बरीच लांबवर पसरू शकते. वरून तार धडधाकट दिसते, पण दिवा मंद लागतो किंवा सेन्सर चुकीची माहिती देतो. मासळी वाहणाऱ्या टेम्पोंत बर्फाचे खारट पाणी सतत खाली ठिबकत असल्याने मागील दिव्यांच्या वायरिंगला हा धोका अधिक असतो.

अशा ठिकाणी सर्व वायरिंग टेपने घट्ट गुंडाळून टाकण्याकडे कल असतो. तथापि टेपच्या वेढ्यांतून आत गेलेले पाणी सहजी सुकत नाही आणि क्षार तेथेच साचत राहतो. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या केल्या जातात : तारेचे जोड व टोके चिकट लेपाच्या हीट-श्रिंकने आणि रबरी सील असलेल्या कनेक्टरने पूर्ण बंद करायची, आणि मधल्या लांबीवर पाणी निथळू देणारी नळी किंवा जाळी ठेवायची. चिरलेल्या नळीची चीर खालच्या बाजूस ठेवतात. कनेक्टरच्या अलीकडे तारेला खाली झोळ देतात, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी कनेक्टरमध्ये न जाता झोळातून गळते. उन्हात उघड्या राहणाऱ्या भागासाठी काजळी मिसळलेले काळे प्लास्टिक अधिक टिकते.

क्षाररोधकता तपासण्यासाठी ३५ अंश तापमानाच्या कक्षात पाच टक्के मिठाच्या द्रावणाचा फवारा मारण्याची चाचणी जगभर प्रचलित आहे. भारतात वाहने व त्यांचे सुटे भाग यांच्या चाचण्या करणारी एक प्रमुख संस्था म्हणजे पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, अर्थात एआरएआय (स्थापना १९६६).

उंदरांचा उपद्रव

पावसाळ्यात उंदीर इंजिनाच्या उबेला येतात आणि दात झिजवण्यासाठी तारा कुरतडतात. पन्हळी नळीमुळे अडथळा होतो, पण पूर्ण संरक्षण मिळत नाही. होंडा कंपनीने मिरचीतील कॅप्सायसिन हे तिखट द्रव्य लावलेला टेप बाजारात आणला आहे. बारीक पोलादी जाळीने शिरकावाच्या वाटा बंद करणे हा अधिक खात्रीचा उपाय मानला जातो.

मर्यादा व दक्षता

आवरण हे फ्यूजला पर्याय नव्हे. नंतर बसवलेले दिवे, हॉर्न, म्युझिक सिस्टिम किंवा सीएनजी किट यांच्या तारा मूळ हार्नेसला टोचून, नुसता टेप गुंडाळून जोडल्यास तो जोड सर्वांत कच्चा दुवा ठरतो. अशा प्रत्येक नव्या तारेला स्रोताजवळ स्वतंत्र फ्यूज आवश्यक असतो. तडकलेल्या, जळालेल्या किंवा हिरव्या पडलेल्या तारेवर नवे आवरण चढवल्याने दोष केवळ झाकला जातो. ती तार बदलावीच लागते. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवतात.

विद्युत व हायब्रिड वाहनांतील उच्च दाबाच्या तारांचे बाह्य आवरण नारिंगी रंगाचे असते. हा रंग धोक्याची खूण असून त्या तारा प्रशिक्षित तंत्रज्ञाखेरीज कोणीही हाताळू नयेत. त्यांवर दुसऱ्या रंगाचे आवरण चढवल्यास ही खूण झाकली जाते आणि अपघातप्रसंगी मदतीला येणाऱ्यांच्या जिवाला धोका निर्माण होतो.