निर्वातनलिका-विवर्धक आणि ध्वनिक्षेपकाची कार्यक्षमता

घरगुती ध्वनियंत्रणेच्या इतिहासात विवर्धकाची शक्ती हा स्वतंत्र प्रश्न नव्हे. ध्वनिक्षेपकाच्या कार्यक्षमतेशी तो निगडित आहे. पॉल क्लिप्श यांनी १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत सिद्ध केलेला, खोलीच्या कोपऱ्यात ठेवावयाचा कर्णायुक्त ध्वनिक्षेपक इतका कार्यक्षम होता, की थोड्या वॉटांचा निर्वातनलिका-विवर्धकही त्यास पुरत असे. १९५४ साली एडगर व्हिलचर यांच्या एआर-१ ने लहान, बंद पेटीतून खर्जाचे स्वर उमटविले. परंतु त्याची किंमत कार्यक्षमतेने मोजावी लागली. कार्यक्षमता १० डेसिबलने उणावली, तर तितक्याच आवाजास दसपट शक्ती लागते. पुढे १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या आल्या आणि दोन ध्वनिक्षेपकांसाठी लहान पेटीच सोयीची ठरली. सारांश, ध्वनिक्षेपकाचा निर्देश न करता केवळ वॉटांवरून त्या काळातील विवर्धकांचे मूल्यमापन करणे सदोष होय.