प्लास्टिक सर्जरीच्या प्रशिक्षणकाळातील संशोधन (मुंबई)

प्लास्टिक सर्जरी अर्थात सुघटन शल्यशास्त्राचे उच्च शिक्षण घेणारे निवासी डॉक्टर आणि नुकतेच शिक्षण संपवलेले शल्यचिकित्सक किती व कोणत्या दर्जाचे शोधलेखन करतात, यावरून त्यांची संशोधन-उत्पादकता ठरवली जाते. मुंबईत या शिक्षणाची प्रमुख केंद्रे म्हणजे के.ई.एम., नायर व शीव येथील लोकमान्य टिळक ही महापालिकेची रुग्णालये आणि शासनाचे जे.जे. रुग्णालय. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील भाजलेले, रेल्वे अपघातात जायबंदी झालेले किंवा जन्मतः ओठ दुभंगलेले अनेक रुग्ण याच रुग्णालयांत येतात. त्यामुळे येथील विद्यार्थ्यास शस्त्रक्रियांचा अनुभव विपुल मिळतो. त्या मानाने लेखन थोडे होते.

पूर्वपीठिका

केलेले काम लिहून ठेवण्याचे महत्त्व या शास्त्राच्या इतिहासातच ठळकपणे दिसते. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने बैलगाडी हाकणाऱ्या कावसजी नावाच्या इसमाचे नाक कापण्यात आले होते. पुण्याजवळ विटा बनवणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची त्वचा वळवून ते नव्याने घडवले. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत छापून आली. पुढे जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८१४ मध्ये हीच पद्धत वापरली व १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. कार्प्यूचे नाव आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळते. पुण्याच्या कारागिराचे नाव त्या वृत्तातही नव्हते.

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रातील शल्यचिकित्सकांनी लेखनाची परंपरा जाणीवपूर्वक उभी केली. भारतीय प्लास्टिक सर्जन संघटना १९५७ मध्ये स्थापन झाली आणि ‘इंडियन जर्नल ऑफ प्लास्टिक सर्जरी’ हे तिचे नियतकालिक १९६८ पासून निघू लागले. नागपूरचे सी. बालकृष्णन यांनी दुभंगलेल्या ओठ व टाळूचे केलेले वर्गीकरण याच नियतकालिकात १९७५ मध्ये आले. जे.जे. रुग्णालयातील नोशीर अंटिया यांनी बुच या सहकाऱ्यासह १९६७ मध्ये कानाच्या कडेची झीज भरून काढण्याची पद्धत मांडली; ती आजही ‘अंटिया-बुच’ या जोडनावाने जगभर शिकवली जाते. के.ई.एम.शी संलग्न शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ प्रकाशित होते.

स्थानिक प्रश्नातून निघालेले संशोधन

मुंबईतील सर्वांत लक्षणीय उदाहरणे भाजलेल्या जखमांच्या पट्ट्यांची आहेत. साधी जाळीदार पट्टी जखमेस चिकटते व बदलताना रुग्णास असह्य वेदना होतात. परदेशी पट्ट्या सामान्य रुग्णास परवडत नाहीत. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली जाळीवर बसवून त्यांची पट्टी तयार केली व तिचा प्राथमिक वृत्तांत १९८५ मध्ये ‘बर्न्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात दिला. शीव रुग्णालयातील माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाचा अभ्यास केला. त्वचारोपणासाठी जेथून कातडी काढली ती जागा आणि अंशतः भाजलेल्या जखमा यांवरील त्यांचे व अकोलेकर यांचे निबंध २००३ मध्ये त्याच नियतकालिकात आले. या संशोधनास महागडी प्रयोगशाळा लागली नाही. नेमका प्रश्न, तुलनेसाठी दुसरा गट आणि काटेकोर नोंदी एवढेच भांडवल पुरले.

अभ्यासक्रम व नियम

एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षांचे एम.एस. आणि त्यानंतर तीन वर्षांचे एम.सीएच. असा सर्वसाधारण क्रम आहे. एम.एस.ला प्रबंध अनिवार्य असतो. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या नियमांनुसार अंतिम परीक्षेस बसण्यासाठी एक भित्तिपत्रक, परिषदेत वाचलेला एक निबंध आणि प्रसिद्ध झालेला, स्वीकारलेला वा निदान पाठवलेला एक शोधनिबंध आवश्यक असे. ‘पाठवलेला’ या शब्दाने अटीतील जोर बराच काढून घेतला होता. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत परिषदेतील सादरीकरण किंवा शोधनिबंध यांपैकी एक पुरेसे मानले आहे.

खरा पेच वेळेचा आहे, आणि तो केवळ रात्रपाळ्यांचा नाही. टाळू शिवलेल्या बालकाची वाणी कशी झाली हे काही वर्षांनीच कळते. भाजलेल्या जखमेचा व्रण स्थिरावण्यास वर्ष वा अधिक काळ जातो. विद्यार्थी मात्र तीन वर्षांत विभाग सोडतो. म्हणून तो रक्तस्राव, जखम भरण्याचे दिवस, रोपण टिकले की नाही अशी लवकर मोजता येणारी फलिते निवडतो. विभागाची सलग नोंदवही असेल तरच एका तुकडीचे काम पुढच्या तुकडीस हाती घेता येते. शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर एकाच प्रकाशात, एकाच कोनातून काढलेली छायाचित्रे हा या शास्त्रातील मुख्य पुरावा. ती पहिल्या दिवशी राहून गेली तर नंतर कोणत्याही उपायाने मिळत नाहीत. ती प्रसिद्ध करण्यास रुग्णाची लेखी संमती लागते.

मोजमाप आणि त्याचे दोष

होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक सर्वाधिक वापरला जातो: ज्याचे किमान दहा निबंध प्रत्येकी दहा वा अधिक वेळा उद्धृत झाले, त्याचा निर्देशांक निदान १०. नवोदितास हे माप अन्यायकारक ठरते, कारण उद्धरणे साचण्यास वर्षे लागतात. अमेरिकेत २०२२ पासून यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्यात गुण न देता केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल लागतो. तेव्हापासून तेथे प्लास्टिक सर्जरीच्या उमेदवारांत निबंधसंख्येची चढाओढ अधिकच वाढली आहे.

भारतात अध्यापकांच्या पदोन्नतीशी निबंध जोडले गेले. २०१५ च्या आदेशाने ई-नियतकालिके व रुग्णवृत्ते वगळल्याने संपादकांनी टीका केली. २०२० मध्ये निकष काहीसे रुंदावले. संख्येच्या या दडपणातून पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली, आणि काम न केलेल्या वरिष्ठांचे नाव लेखकांत घालण्याची प्रथाही बळावली.

व्यवसायाची सुरुवातीची वर्षे

पदवीनंतर महाराष्ट्रात बंधपत्रित सेवा करावी लागते. पुढे अनेक जण उपनगरांतील खाजगी रुग्णालयांशी संलग्न होतात. एकाच शल्यचिकित्सकाचे रुग्ण अंधेरीत, मुलुंडमध्ये व घाटकोपरला असे विखुरले की कागदपत्रेही विखुरतात. छोट्या रुग्णालयास स्वतःची नैतिकता समिती नसते. ‘नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम, २०१९’ नुसार जैववैद्यकीय संशोधनास नोंदणीकृत समितीची मान्यता लागते. अशा वेळी पूर्वीच्या शिक्षणसंस्थेतील विभागाशी संबंध टिकवून संयुक्त अभ्यास करणे हा मार्ग उरतो.