रक्तवाहिन्यांची वहिवाट

१/ महाडच्या औद्योगिक वसाहतीत आधी कागदावर आखणी होते. मग भूखंड, रस्ते आणि जलवाहिन्या. कोणती वाहिनी किती रुंद आणि कुठे वळणार, हे खोदकामापूर्वीच ठरलेले असते. पोलादपूरच्या डोंगरातील पाऊलवाटांचे तसे नाही. पावले पडतात तिथे वाट रुळते. वर्दळ थांबली की गवत माजते. शरीरातील रक्तवाहिन्यांचे जाळे यांपैकी कोणत्या रीतीने घडते? या प्रश्नाचा इतिहास जवळपास चार शतकांचा आहे आणि त्यातील एक पान पुण्यात लिहिले गेले.

२/ १६२८ मध्ये विल्यम हार्वे यांनी रक्त शरीरात चक्राकार फिरते हे सिद्ध केले. मात्र धमन्यांतून ते शिरांत कसे पोहोचते, हे त्यांना पाहता आले नाही. १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिगी यांना बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या दिसल्या. जाळे पूर्ण झाले, पण ते विणले कोणी, हे कोडे तसेच राहिले.

३/ १८९३ मध्ये रिचर्ड थोमा यांनी कोंबडीच्या गर्भाच्या निरीक्षणातून एक नियम मांडला. रक्ताचा वेग वाढतो तिथे वाहिनी रुंदावते. वेग मंदावतो तिथे ती आक्रसते आणि अखेर नाहीशी होते. म्हणजे आखणीपेक्षा वहिवाट प्रबळ ठरली. तरीही वाहिनी म्हणजे निर्जीव नळी नव्हे. ती जिवंत पेशींची बनलेली असते. त्या पेशींना प्रवाहाची वार्ता कशी कळते, याचे उत्तर थोमांच्या काळात मिळणे शक्य नव्हते.

४/ कोंबडीच्या गर्भाची ही विद्या महाराष्ट्रातही रुजली. एडिंबरा येथे सी. एच. वॉडिंग्टन यांच्याकडे काम केलेल्या लीला मुल्हेरकर यांनी गर्भ अंड्याबाहेर वाढवण्याचे तंत्र पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात आणले. भारतातील विकासजीवशास्त्राच्या अध्यापनात त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

५/ १९७१ मध्ये अमेरिकी शल्यविशारद ज्युडा फोकमन यांनी मांडले, की कर्करोगाची गाठ स्वतःकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. हा पुरवठा तोडला तर गाठ उपाशी पडेल. मग ओढून घेणारा संकेत कोणता, याचा शोध सुरू झाला. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा आणि सहकाऱ्यांनी तो प्रथिनरूपात वेगळा केला. त्याचे नाव व्हीईजीएफ. ऊतींना प्राणवायू कमी पडला की हे प्रथिन अधिक प्रमाणात स्रवते.

६/ हा संकेत वाचतो कोण? २००३ मध्ये होल्गर गेरहार्ट आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पिल्लांच्या दृष्टिपटलात उत्तर दाखवले. वाढत्या वाहिनीच्या टोकाला एक अग्रपेशी असते. ती बारीक तंतू पुढे पसरून व्हीईजीएफ कुठे दाट आहे ते चाचपते आणि त्या दिशेने सरकते. मागच्या पेशी विभागून नळी लांबवतात. अग्रपेशी शेजारणींना ‘तुम्ही मागेच राहा’ असा निरोपही देते. त्या निरोपाच्या यंत्रणेचे नाव नॉच. पण हे पुढारीपण कायमचे नसते. पेशी जागा बदलतात, मागची पुढे येते.

७/ चालायचे तर पेशीला पुढचा भाग आणि मागचा भाग हवा. यालाच ध्रुवीयता म्हणतात. सरकणाऱ्या पेशीत गॉल्जी हे अंगक बहुधा केंद्रकाच्या पुढे येते. केंद्रकापासून गॉल्जीकडे बाण काढला, की पेशीचे तोंड कुठे आहे ते कळते.

८/ २०१५ मध्ये क्लाउडिओ फ्रँको, गेरहार्ट आणि सहकाऱ्यांनी दृष्टिपटलातील पेशींचे असे बाण रेखाटून ते रक्तप्रवाहाशी ताडून पाहिले. जोरकस प्रवाहात बहुतेक पेशींची तोंडे प्रवाहाच्या उलट दिशेला होती. पहिल्या पावसात सावित्रीच्या खोऱ्यातील ओढ्यांतून चढणीचे मासे वर जातात, तशा या पेशी धारेविरुद्ध सरकतात. मंद प्रवाहाच्या फांदीतील पेशी तिथे मरत नाहीत. त्या उठून जोराच्या फांदीत जातात आणि रिकामी झालेली फांदी मिटते. थोमांच्या नियमामागची पावले अशी सव्वाशे वर्षांनी दिसली.

९/ याचे मोल रुग्णालयात कळते. २००४ मध्ये व्हीईजीएफला अडवणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध आतड्याच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्य झाले. मधुमेहामुळे किंवा अपुऱ्या दिवसांच्या जन्मामुळे डोळ्यात भलत्या वाहिन्या फुटतात, तिथेही याच वर्गातील औषधे वापरली जातात. परंतु अनेक गाठी कालांतराने दुसरी वाट काढतात. केवळ संकेत तोडणे पुरत नाही. पेशी दिशा कशी ठरवते तेही समजावे लागते.

१०/ आता पुण्याचे पान. १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झालेल्या आणि आज आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत सुरेंद्र घासकडबी यांचा गट हायड्रावर काम करत होता. गोड्या पाण्यातला हा इवलासा जीव. त्याला हृदय नाही, रक्त नाही, रक्तवाहिन्या तर नाहीतच. २०१३ मध्ये लक्ष्मी सुरेखा कृष्णपती आणि घासकडबी यांनी या जीवाच्या पुण्यात वाढवलेल्या वाणात व्हीईजीएफचे जनुक सापडल्याचे प्रसिद्ध केले. ते हायड्राच्या शुंडकांत आणि देठाजवळच्या भागात, आतल्या थरात कार्यरत होते.

११/ याचा अर्थ, हा निरोप रक्तवाहिन्यांहून जुना असावा. रक्त नव्हते तेव्हाही पेशी तो ऐकत होत्या. पुढे वाहिन्या आल्या आणि जुन्याच हाकेला नवे काम मिळाले.

१२/ हार्वे यांच्या काळापासून प्रश्न होता, हा नकाशा कोणी काढला. आज तो प्रश्न बदलला आहे: एका पेशीला आपले तोंड कोणत्या दिशेला करायचे हे कसे समजते? संपूर्ण नकाशा कोणत्याही एका पेशीपाशी नसतो. प्रत्येक पेशी समोरचा संकेत, शेजारणीचा निरोप आणि अंगावरून जाणारा प्रवाह एवढेच जाणते. तेवढ्यावर वाट रुळते.