अळणी पाण्याचा पुरावा

हॉटेलात जेवण बिघडले तर त्याचा कागद सहसा मागे राहत नाही. ताट उचलले की पुरावा खरकट्यात जातो. नाराज गिऱ्हाईक बिल भरते, घरी जाते आणि पुन्हा त्या दाराशी फिरकत नाही. पण हे न फिरकणे हिशेबाच्या वह्यांत मात्र उमटते. म्हणून या शोधाची सुरुवात मी एका आकड्यापासून करतो.

मे २०१४ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात अमेरिकेतील ‘ऑलिव्ह गार्डन’ या इटालियन भोजनगृहांच्या साखळीत, जुन्या शाखांमधील विक्री आदल्या वर्षाच्या तुलनेत ३.४ टक्क्यांनी घटली. हा आकडा ‘डार्डन रेस्टॉरंट्स’ या मालक कंपनीने स्वतःच जाहीर केलेला आहे. आपल्याच हातून आपल्या तोट्याची नोंद होते, तेव्हा ती विश्वसनीय मानावी, असा साधा नियम आहे. घट झाली हे निश्चित. ती कशामुळे झाली, हे या आकड्यातून कळत नाही. मंदीनंतरचा हात आखडलेला ग्राहक, नव्या जलद भोजनगृहांची स्पर्धा, ताटातला पदार्थ, यांपैकी काहीही असू शकते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. पहिले ऑलिव्ह गार्डन डिसेंबर १९८२ मध्ये फ्लोरिडातील ऑर्लँडो येथे उघडले. ते उघडणारी ‘जनरल मिल्स’ ही न्याहारीची सीरियल आणि पीठ विकणारी कंपनी होती. १९९५ मध्ये भोजनगृहांचा व्यवसाय वेगळा काढून डार्डन कंपनी झाली. २०१४ पर्यंत शाखा आठशेच्या वर गेल्या होत्या. मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल असे इटालियन जेवण आणि त्यासोबत हवे तितके सॅलड, हव्या तितक्या ब्रेडस्टिक, ही या घराची ओळख.

आता पहिला समकालीन साक्षीदार. ७ मार्च २०१२ रोजी नॉर्थ डकोटा राज्यातील ‘ग्रँड फोर्क्स हेरल्ड’ या वृत्तपत्रात मॅरिलिन हॅगर्टी यांचा नेहमीचा स्तंभ आला. त्या ८५ वर्षांच्या होत्या. गावात नव्याने उघडलेल्या ऑलिव्ह गार्डनमध्ये त्या जेवून आल्या होत्या. सजावटीचे कौतुक, वाढपिणीचे वागणे, १० डॉलर ९५ सेंटचे चिकन अल्फ्रेडो, सोबत पेय म्हणून साधे पाणी, अशी ती सरळ, प्रांजळ हकीकत. देशभर तिची थट्टा झाली. पुढे अँथनी बोर्डेन या नामांकित खाद्यलेखकाने त्यांच्या बाजूने उभे राहून २०१३ मध्ये त्यांच्या स्तंभांचा संग्रह काढला. मला थट्टेपेक्षा त्या मजकुराचे साधन म्हणून मोल अधिक वाटते. मराठी इतिहासलेखनात आपण बखर आणि अस्सल पत्र यांत फरक करतो. बखर नंतर, हेतू मनात धरून लिहिलेली असते. पत्र त्या त्या वेळी, कामापुरते लिहिलेले असते. हॅगर्टीबाईंचा स्तंभ पत्राच्या जातीचा आहे. त्यांना काही सिद्ध करायचे नव्हते. म्हणून त्यांनी सहज लिहिलेला एक तपशील टिपून ठेवू या: सॅलडबरोबर त्यांच्यापुढे एका बशीत दोन लांब, गरम ब्रेडस्टिक आल्या.

दुसरे साधन मात्र बखरीच्या जातीचे, आणि आकाराने प्रचंड. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘स्टारबोर्ड व्हॅल्यू’ या गुंतवणूक संस्थेने डार्डनविषयी सुमारे तीनशे पानांचे सादरीकरण प्रसिद्ध केले. संस्थेकडे कंपनीचे ८.८ टक्के भाग होते आणि तिला सगळे संचालक मंडळ बदलायचे होते. हेतू उघड आहे, तेव्हा प्रत्येक वाक्य पारखून घ्यावे लागते. तिचा एक उमेदवार ब्रॅड ब्लम हा पूर्वी ऑलिव्ह गार्डनचाच अध्यक्ष होता. म्हणजे माहिती आतली, पण साक्षीदार पक्षपाती. या कागदाच्या बाजूने एकच गोष्ट भक्कम आहे. संचालकांच्या निवडणुकीचा हा मजकूर अमेरिकेच्या रोखे नियामकाकडे दाखल करावा लागतो आणि त्यात दिशाभूल करणारे विधान करण्यास कायद्याने मनाई आहे. लिहिणाऱ्याला अतिशयोक्ती करता येते, पण धादांत खोटे लिहिणे महागात पडते.

या सादरीकरणातील ब्रेडस्टिकची पाने वृत्तपत्रांनी उचलली आणि स्टारबोर्डला फुकटच्या ब्रेडस्टिक बंद करायच्या आहेत, असा समज पसरला. मूळ पाने वाचली की हा समज टिकत नाही. तेथील तक्रार अशी: कंपनीचाच नियम माणशी एक आणि टेबलामागे एक जास्त असा आहे, वाढपी मात्र एका खेपेत ढीग आणून ठेवतात. खुद्द व्यवस्थापनाच्या मते सात मिनिटांत ब्रेडस्टिकची चव उतरते. म्हणजे पाहुणा खाईपर्यंत ती गार आणि चिवट, उरलेली कचऱ्यात. मागाल तितक्या द्या, पण थोड्या थोड्या आणि गरम आणा, एवढेच त्यांचे म्हणणे.

हा नियम खरोखर होता का? येथे हॅगर्टीबाईंची बशी पुन्हा पुढे घ्यावी. त्यांनी सगळी हकीकत एकवचनात लिहिली आहे. त्यावरून त्या एकट्याच टेबलाशी होत्या, असे मी अनुमान करतो. एका माणसाची एक, टेबलाची एक. दोन. बशीत दोनच होत्या आणि गरम होत्या! अडीच वर्षांच्या अंतराने, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले दोन कागद एकाच संख्येवर येऊन मिळतात. हे ताडून पाहिले तेव्हा मी क्षणभर थांबलो. एका बशीवरून आठशे शाखांचा निवाडा करता येणार नाही, हे खरे. पण नियम केवळ गुंतवणूकदारांच्या कल्पनेतला नव्हता आणि तो पाळला गेला की पाहुण्याला गरम ब्रेड मिळत होता, एवढे यावरून म्हणता येते.

आता मुख्य आरोप. तो असा की ऑलिव्ह गार्डनच्या स्वयंपाकघरांत पास्ता उकडण्याच्या पाण्यात मीठ घालणे बंद केले होते. कारणही दिले आहे: भांड्यांच्या वॉरंटीची मुदत वाढावी म्हणून.

पहिल्यांदा वाचताना हे पटत नाही. म्हणून आधी ते शक्य आहे का, हे पाहिले. मिठातील क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पडतात, विशेषतः मीठ न विरघळता तळाशी बसले तर. तेव्हा भांडी बनवणाऱ्याने मिठावर अट घालणे संभवनीय आहे. आणि चवीचे काय? इटालियन घरांत ढोबळ प्रमाण असे की शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ. पास्ता शिजताना पाणी शोषतो आणि त्या पाण्याबरोबर मीठ आत शिरते. आपल्याकडे मोदकाची उकड काढताना मीठ आधणातच घालतात. पीठ शिजून गोळा झाल्यावर वरून भुरभुरलेले मीठ आतपर्यंत पोचत नाही. तेच पास्त्याचे. वर कितीही चीज आणि सॉस ओता, आतली पट्टी अळणी ती अळणीच. आठशे घरांत, रोज, दोन्ही वेळा. हे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे त्या ३.४ टक्क्यांमागे एखादे कारण तरी दिसू लागते. सगळे कारण हेच, असे मात्र मी म्हणणार नाही.

दोन गोष्टी मी बाजूला ठेवल्या, तेही सांगायला हवे. कंपनी आपल्या जाहिरातींत इटलीतील तोस्काना प्रांतातल्या स्वयंपाकशाळेचा उल्लेख करीत असे. आपले आचारी तेथे शिकून येतात, असा दावा होता. २०११ मध्ये स्वतःला माजी व्यवस्थापक म्हणवणाऱ्या कोणी निनावी लिहिले की ती बरीचशी सहलच असे. मजकूर चटकदार आहे, पण सहीविना आहे. तो पुराव्यात धरत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मेन्यूमधील चित्र आणि प्रत्यक्ष आलेले ताट शेजारी ठेवून दाखवणारी छायाचित्रे. ती पाहून वाईट वाटते. पण शेकडो ताटांतून कोणते निवडायचे हे छायाचित्र घेणाऱ्याच्या हाती असते, म्हणून त्यांचे वजन कमी.

डार्डनने काही दिवसांतच उत्तर दिले. ब्रेडस्टिक आणि सॅलड ही १९८२ पासूनची आमची ओळख आहे, त्यात इटालियन औदार्य आहे, अशा आशयाचे ते होते. सुधारणा आधीच सुरू झाल्या आहेत, असाही सूर होता. औदार्याचा मुद्दा मी मनापासून मान्य करतो; पानात वाढताना हात आखडू नये, हे आपल्यालाही कळते. पण आरोप किती वाढता याचा नव्हता. गार आणि अळणी का वाढता, हा होता.

त्याच सप्टेंबरात आणखी एक नोंद आहे, आणि ती या कहाणीच्या उलट दिशेने जाते. स्टारबोर्डचे सादरीकरण येण्याच्या काही दिवस आधी ऑलिव्ह गार्डनने शंभर डॉलरला सात आठवडे हवा तितका पास्ता खाण्याचे १,००० पास विक्रीला काढले. ते तासाभराच्या आत संपले. म्हणजे लोकांचे मन या घरावरून उडालेले नव्हते. त्यांना तेथे जायचे होते. निराशा खरी असेल, तर ती अपेक्षा असणाऱ्यांची निराशा होती, असे मी या दोन नोंदी एकत्र वाचून समजतो.

१० ऑक्टोबर २०१४ रोजी भागधारकांनी मतदान केले आणि डार्डनचे बाराच्या बारा संचालक बदलले. एवढ्या मोठ्या कंपनीत असे क्वचितच घडते. हे मत मिठावर पडले, असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. त्याच वर्षी ‘रेड लॉब्स्टर’ ही डार्डनची दुसरी साखळी २१० कोटी डॉलरला विकून टाकल्याचा राग त्यामागे मोठा होता. पण मिठाच्या आरोपाची पारख यानंतरच झाली. आरोप करणारे आता स्वतः मालकाच्या खुर्चीत होते. नव्या संचालकांनी शाखांत जाऊन एकेक पाळी काम केले, स्वयंपाकघरे आतून पाहिली. आरोप खोटा असता, तर तेथे बदलण्यासारखे काही नसते.

त्यांनी पास्त्याच्या पाण्यात मीठ घालायला सुरुवात केली.