पडणाऱ्या यंत्राची बाजू

दांडे आणि तारा यांच्या ताणावर उभा राहणारा लवचीक यंत्रमानव परक्या ग्रहावर पाठवायचा म्हटले की एक उत्तर ठरलेले असते: गंमत म्हणून ठीक, पण कामाला ताठ सांगाडा आणि चाकेच हवीत. हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'नासा'च्या एम्स संशोधन केंद्रातला 'सुपरबॉल' पाहिला तर तो पटूही लागतो. सहा दांडे, त्यांना बांधून ठेवणाऱ्या २४ तारा, आणि एकही दांडा दुसऱ्याला टेकलेला नाही. मोटारी काही तारा आवळतात, काही सैल सोडतात. तोल जातो आणि सगळा डोलारा एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलंडतो. याला चालणे म्हणायला मन मोठे करावे लागते. त्यातून ही कल्पना सुचली तान्ह्या मुलांच्या काड्या-दोऱ्यांच्या खेळण्यावरून. टीकाकारांना आणखी काय हवे?

पण होडीची परीक्षा बैलगाडीच्या वाटेवर घेण्यातला हा प्रकार आहे. हे यंत्र मुळात चालण्यासाठी रचलेले नाही; ते पडण्यासाठी रचलेले आहे.

परग्रहावर उतरवण्याचा खर्च कशावर होतो ते पाहा. १९९७ साली 'पाथफाइंडर' हवेच्या पिशव्यांत गुंडाळून मंगळावर आपटला आणि उसळत उसळत स्थिरावला. पिशव्यांचे काम तिथेच संपले. कोट्यवधी किलोमीटर वाहून नेलेले ते वजन पुढे अडगळ झाले. नंतरची मंगळगाडी 'क्युरिऑसिटी' जवळपास ९०० किलोंची, तिला पिशव्या पेलणाऱ्या नव्हत्या. म्हणून २०१२ साली रॉकेटांवर तरंगणाऱ्या यंत्राने तिला दोरांनी खाली सोडले आणि ते यंत्र दूर जाऊन कोसळले. अवतरणाची सामग्री एकदाच वापरायची आणि टाकून द्यायची, हा इथला शिरस्ता. दांडे-तारांच्या रचनेत आघात सोसणारे अंग आणि फिरणारे अंग एकच असते. आघात एका सांध्यावर न साचता सगळ्या तारांत वाटला जातो, आणि मधोमध तारांनी टांगलेली उपकरणे जमिनीपासून दूर राहतात.

हे सर्वत्र चालेल असा दावा मात्र कुणी करू नये. मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. तिथे नुसते सोडून दिलेले काहीही चुरा होईल. खरी जागा शनीचा चंद्र टायटन. तिथले गुरुत्व आपल्या सातव्या हिश्शाएवढे आणि पृष्ठभागावरची हवा आपल्या हवेच्या चौपट दाट. एम्सच्या अंदाजानुसार असा यंत्रमानव पॅराशूटविना पडला तरी त्याचा वेग सेकंदाला सुमारे १५ मीटर राहील, म्हणजे पृथ्वीवर चौथ्या मजल्यावरून टाकल्याइतका.

राहिला चाकांच्या भरवशाचा मुद्दा. मंगळावरच्या 'स्पिरिट' गाडीचे एक चाक २००६ मध्ये निकामी झाले आणि २००९ मध्ये ती वाळूत रुतली ती कायमची. (त्या फरफटणाऱ्या चाकानेच माती उकरून सिलिकाचा साठा उघडा पाडला, हा भाग वेगळा, पण कुणी मोडलेले चाक मुद्दाम पाठवत नाही.) नियंत्रणाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. एक तार ओढली की बाकी सगळ्यांचा ताण बदलतो, त्यामुळे प्रत्येक सांध्याला वेगळी आज्ञा देण्याची जुनी पद्धत इथे लंगडी पडते. एम्सच्या चमूने म्हणूनच संगणकात हजारो चाली आजमावून त्यांतल्या टिकणाऱ्या निवडण्याचा मार्ग धरला. तो अवघड आहे, अशक्य नाही.

आता शेवटचा युक्तिवाद: टायटनसाठी 'नासा'ने २०१९ मध्ये निवडले ते उडणारे 'ड्रॅगनफ्लाय', मग हा वाद निकालात निघाला नाही का? उलट आहे. 'ड्रॅगनफ्लाय' पॅराशूटपासून सुटल्यावर स्वतःच्याच पात्यांवर उतरणार आणि त्याच पात्यांवर पुढे हिंडणार. उतरणारे आणि फिरणारे अंग एकच, हे तत्त्व तिथेही मान्य झालेच. त्याला जमिनीत छिद्र पाडायचे आहे, त्यासाठी पाय रोवून उभे राहणारे ताठ अंग हवे, आणि तेवढ्या कामात दांडे-तारांनी हार मानावी. आक्षेप घ्यायचाच असेल तर तो कलंडत्या चालीवर नको, टायटनच्या थंडीवर घ्यावा: उणे १७९ अंश सेल्सिअसला रबर काचेसारखे फुटते, वंगण गोठते, आणि ताणावरच जगणाऱ्या रचनेला तो ताण तिथे वर्षभर टिकवून दाखवायचा आहे.