‘सौम्य’ ठरलेला रोग : विदर्भांतील सिकलसेलची कथा

भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. वैनगंगेच्या खोऱ्यांतील भाताच्या बांध्या आणि गांवोगांवचे जुने तलाव हें या भागाचें वैभव. परंतु जेथें पाणी सांचतें तेथें हिंवतापही पिढ्यान् पिढ्या मुक्काम करून राहतो. या तापाचा आणि आम्ही जिचा वृत्तान्त सांगणार आहों त्या व्याधीचा संबंध फार जुना आहे.

ज्या वाचकांचें या प्रदेशांत वास्तव्य झालें असेल त्यांना असें एखादें मूल आठवेल, कीं जें थंडी पडूं लागतांच हातपाय धरून रडूं लागतें, ज्याचे डोळे पिवळे दिसतात, जें वयाच्या मानानें खुरटलेलें असतें. घरचीं माणसें ‘वात आहे’ म्हणून तेल चोळीत बसतात. तो वात नव्हे. अशा मुलाच्या रक्तांतील तांबड्या पेशी प्राणवायु कमी पडतांच विळ्यासारख्या वांकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि त्या अवयवास रक्त मिळेनासें होऊन असह्य वेदना सुरू होतात. आईबाप दोघांकडूनही हा दोष आला तरच मूल आजारी पडतें. एकाकडूनच आला तर तें केवळ वाहक होतें व बहुधा निरोगी राहतें. (असें असतां आजारी मुलाचें खापर एकट्या सुनेच्या माथीं फुटतें, हें आम्हीं कित्येक घरांतून ऐकलें आहे. शास्त्राच्या दृष्टीनें तर तें निव्वळ अज्ञान होय.)

शिकागोचे डॉक्टर हेरिक यांनीं १९१० सालीं ग्रेनाडा बेटाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तांतील अशा पेशींचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें कित्येक वर्षें हा आफ्रिकी वंशाच्या लोकांचाच रोग अशी समजूत राहिली. १९५२ सालीं निलगिरीच्या आदिवासींत लेहमन व कटबुश यांना या पेशी आढळल्या, तेव्हां त्या समजुतीस पहिला धक्का बसला. हिंवतापाच्या एका घातक प्रकारापासून वाहकांस कांहींसें संरक्षण मिळतें, हें ॲलिसन यांनीं १९५४ सालीं दाखविलें. हिंवतापाच्या मुलखांत हा दोष कां टिकून राहिला याचा उलगडा त्यावरून झाला. नागपूरचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९४७ सालीं सुरू झालें, आणि अवघ्या अकरा वर्षांत, १९५८ सालीं, तेथील शुक्ल व सोळंकी यांनीं मध्य हिंदुस्थानांतील या दोषासंबंधीं ‘लॅन्सेट’मध्यें लेख लिहिला. रोग आमच्या दाराशींच होता. त्यास नांव मात्र तेव्हां मिळालें.

येथून पुढें कथेंत एक विचित्र वळण येतें. १९८६ च्या सुमारास असें दिसून आलें, कीं हिंदुस्थान व पूर्व अरबस्तान येथील हा दोष आफ्रिकेंतून आलेला नसून स्वतंत्रपणें उपजलेला आहे. आणि या रोग्यांत गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन पुढेंही पुष्कळ टिकून राहतें. हें द्रव्य पेशी वांकण्यास अडथळा करतें. ओरिसांतील रोग्यांच्या अभ्यासानेंही या आशेस बळ दिलें. तेव्हां ‘हिंदी सिकलसेल सौम्य असतो’ असें एक सूत्रच बनून गेलें. सूत्र एकदां ग्रंथांत शिरलें म्हणजे खाटेवरील रोग्यापेक्षां त्याचेंच वजन अधिक होतें.

नागपूरच्या वार्डांत मात्र निराळेंच दिसत होतें. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतून येणारीं मुलें वेदनांनीं विव्हळत येत, तापानें फणफणत येत. कोणाची प्लीहा, जिला आपण पांथरी म्हणतों, एकाएकीं फुगून त्यांत रक्त सांचे आणि मूल पाहतां पाहतां पांढरें पडे. बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ति जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा मुलांच्या नोंदी वर्षानुवर्षें ठेविल्या. गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन याही मुलांत विपुल होतें. तरी रोग सौम्य नव्हता.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो आम्हांस रास्त वाटतो. इस्पितळांत येतात ते अधिक आजारी असलेलेच. जे घरीं बरे असतात त्यांची वहींत नोंद होत नाहीं. तेव्हां इस्पितळाच्या आंकड्यांवरून रोगाची उग्रता ठरविणें म्हणजे न्यायालयांतील गर्दी पाहून सारा गांव भांडखोर ठरविण्यासारखेंच. या आक्षेपास उत्तर एकच: जन्मापासून मोजणें. नागपुरांत तेंही झालें. दोष आढळलेल्या मातांच्या दोन हजारांवर नवजात बालकांचें रक्त तपासलें, त्यांत रोगी निघालीं शंभरावर, आणि त्यांतील पुष्कळांवर पुढें नजर ठेवण्यांत आली. कांहीं मुलें खुशाल वाढलीं; कांहींना वारंवार इस्पितळ गांठावें लागलें. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाच्या मथळ्यांतच या रोगास ‘संभाव्यतः उग्र’ म्हटलें आहे. यांतील ‘संभाव्यतः’ हा शब्द आम्हांस उग्रतेइतकाच महत्त्वाचा वाटतो. कोणतें मूल कोणत्या वाटेनें जाईल हें जन्मतः कळत नाहीं, म्हणून सर्वांवरच नजर ठेवणें भाग आहे.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. रोग सौम्य मानला कीं औषध देण्याची निकड राहत नाहीं. लहान मुलांस नियमित पेनिसिलिन दिल्यानें प्राणघातक जंतुसंसर्ग इतका घटतो, कीं १९८६ सालीं अमेरिकेंतील तो प्रयोग मुदतीपूर्वींच थांबवून सर्वांस औषध देण्यांत आलें. हायड्रॉक्सियुरिया हें मूळचें कर्करोगावरील औषध. त्यानें गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन वाढतें, आणि प्रौढांच्या वेदना कमी होतात हें १९९५ सालीं सिद्ध झालें. परंतु डोस वाढवीत न्यावयाचा तर वरचेवर रक्त तपासावें लागतें. लाखांदूरकडच्या एखाद्या मजुरानें त्यासाठीं किती वेळां रोज बुडवून नागपूर गांठावें? नागपूरच्या वैद्यांनीं हें जाणून वारंवार दुखणाऱ्या ६० मुलांवर प्रयोग केला. वजनाच्या दर किलोस १० मिलिग्रॅम, एवढाच ठराविक अल्प डोस, १८ महिने. कांहींना खरें औषध, कांहींना तसेंच दिसणारें निरौषध. २०१२ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्या मुलांच्या वेदनांचे झटके फारच कमी झाले, रक्त चढविण्याचे प्रसंग घटले, इस्पितळांतले दिवसही घटले.