सेरेब्रल पाल्सी : ‘चालेल का?’ या प्रश्नाच्या पुढे

मूल आठ-नऊ महिन्यांचं झालं तरी मान धरत नाही, पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात, एकच हात सतत मुठीत राहतो. अशा वेळी घरात काळजी सुरू होते. डॉक्टर ‘सेरेब्रल पाल्सी’ म्हणजेच ‘सीपी’ हे नाव सांगतात आणि अम्मी-अब्बूंचा पहिला प्रश्न असतो, ‘हा चालेल का?’ प्रश्न स्वाभाविक आहे. पण सगळी ताकद या एका प्रश्नात गेली, तर मुलाचं आजचं जगणं मागे पडतं.

नेमकं काय होतं?

वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात इजा होते आणि हालचाल व शरीराचा तोल यावर परिणाम होतो. वेळेआधी जन्म, ऑक्सिजन कमी पडणं, वेळेत उपचार न झालेली तीव्र कावीळ, मेंदूचा संसर्ग ही काही कारणं. अनेकदा नेमकं कारण सापडतही नाही. सीपी संसर्गजन्य नाही. हा कुणाचा साया नाही आणि आईच्या चुकीची शिक्षाही नाही. मेंदूची इजा वाढत जात नाही, पण स्नायू आखडणं, खुबा सरकणं, पाठ वाकणं हे त्रास वयाबरोबर वाढू शकतात. म्हणून थेरपी मध्येच सोडू नये. दुआ जरूर करावी, पण झटक्यांचं औषध डॉक्टरांना न विचारता बंद करू नये.

जगण्याचा दर्जा कशावर ठरतो?

युरोपातल्या ८ ते १२ वर्षांच्या सीपी असलेल्या मुलांचा एक मोठा अभ्यास २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. जी मुलं स्वतः उत्तरं देऊ शकत होती, त्यांनी आपल्या जगण्याबद्दल बहुतेक बाबतीत इतर मुलांसारखंच मत दिलं. ज्यांना वेदना होत्या, त्यांची उत्तरं मात्र खालावलेली होती. म्हणजे मूल चालत नसलं तरी खूश असू शकतं. पण दुखत असेल, तर नाही.

म्हणून घरात रोज विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. झोप लागते का? कुठे दुखतं का? जेवताना ठसका लागतो का? मनातलं सांगता येतं का? दिवसातून एकदा तरी घराबाहेर जातं का? बोलता न येणारं मूल अचानक खूप रडू लागलं तर त्याला ‘जिद्दी’ म्हणू नका. खुबा, दात, बद्धकोष्ठता तपासून घ्या. झोपवून भरवू नका. पाठीला आधार देऊन, मान मागे न झुकवता बसवा. ‘हो-नाही’ साठी नजर, मान किंवा चित्रं वापरा.

आईचं काय?

भिवंडीत कितीतरी घरं पॉवरलूमच्या मजुरीवर चालतात. थेरपीसाठी मुंबईला जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. वरच्या खोलीचा जिना उभा असेल, तर दहा वर्षांचं मूल आईच्या कडेवरच उतरतं. तिची कंबर गेली, तर मुलाचं जगणंही थांबतं. उचलण्याची योग्य पद्धत थेरपिस्टकडून आईसोबत अब्बू, चाचा आणि मोठ्या भावंडांनीही शिकावी. आठवड्यातून काही तास मुलाला दुसऱ्या कुणी सांभाळणं हीसुद्धा इलाजाचीच बाब आहे. आणि शादी-ब्याहला जाताना त्या मुलाला घरी ठेवू नका.

शाळा

मुंबईत मिठू आलूर यांनी १९७२ मध्ये ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ सुरू केली, कारण त्यांची मुलगी मालिनी चिब हिला सीपी होती आणि तिला शिकवणारी शाळा मिळत नव्हती. आज ही संस्था ‘अडॅप्ट’ नावाने ओळखली जाते. मालिनी यांनी पुढे लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि एका बोटाने टाइप करत आत्मचरित्र लिहिलं. बोलणं अस्पष्ट असलं म्हणजे बुद्धी कमी असतेच असं नाही, हे आम्हा शिक्षकांनीही लक्षात ठेवावं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. तीव्र दिव्यांगत्व असेल, तर घरी शिक्षणाचा पर्यायही आहे. वर्ग तळमजल्यावर मागा. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो.

कागदपत्रं आणि मदत

पहिलं काम म्हणजे दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते. चौकशीची सुरुवात भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात किंवा ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात करता येईल. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. तिथे थेरपीबरोबर स्प्लिंट, कॅलिपरसारखी साधनंही मिळतात.

‘निरामय’ विमा योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असतं आणि त्यात ओपीडी व थेरपीचा खर्चही धरला जातो. ‘एडिप’ योजनेतून व्हीलचेअरसारखी साधनं मिळू शकतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा.

शेवटी प्रत्येक घरातला न बोललेला प्रश्न : ‘आमच्यानंतर याचं काय?’ मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने सज्ञान ठरतं. स्वतःचे निर्णय घेणं त्याला शक्य नसेल, तर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेल्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. पालक कोण असावा, यावर घरच्यांनी एकत्र बसून वेळेआधीच बोलावं. त्या बैठकीत मुलालाही बसवावं आणि त्याला काय हवं ते विचारावं.